आम्ही जेवू आता

माझी आजी, म्हणजे आईची आई, चिकोडीकडची. लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा तिला 'ये, बस, जेव' एवढीच मराठी येत होती. पुढं पन्नासेक वर्षं मंगळवार पेठेत काढली, शेजारणींशी भांडण्याइतकी मराठी शिकली, पण एक शब्द काही तिला शेवटपर्यंत वळला नाही. जेवायच्या वेळेला कोण पाव्हणा आला की ती पदर खोचत म्हणायची, "आम्ही जेवू आता." पाव्हणा बिचारा उठायचा. तो चपला शोधेपर्यंत आजोबा मागनं ओरडायचे, "अवो, बसा! तिला 'आपण' म्हणायचंय, 'आपण'!"

आजीची तरी काय चूक? कन्नडमध्ये दोन्हीला एकच 'नावु'. समोरचा त्यात धरलाय का वगळलाय, ते शब्दातनं कळत नाही, पाटाकडं बघून कळतं. हिंदीच्या 'हम'चं आणि इंग्रजीच्या 'वी'चंही तेच. उलट तमिळमध्ये 'नाम्' आणि 'नांगळ्', तेलुगूत 'मनम्' आणि 'मेमु', गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे', असे आपल्यासारखेच दोन दोन शब्द. म्हणजे कागल सोडून कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की हा फरक संपतो, आणि पार चेन्नईला नाहीतर हैदराबादला पोचल्यावर परत सुरू होतो.

हे सगळं डोक्यात यायचं कारण माझं काम. गेली सहा वर्षं मी राजारामपुरीतल्या घरातनं मोबाईल अ‍ॅपची भाषांतरं करतो. रोज एक एक्सेल येते. डाव्या खान्यात इंग्रजी वाक्य, उजवा खाना रिकामा. वाक्यं साधी असतात, जीव जातो तो सर्वनामांत.

एकदा बिलं भरायच्या अ‍ॅपचं काम होतं. बिल भरलं गेलं नाही तर दिसणारा निरोप मी लिहिला, 'माफ करा, आम्ही तुमचं बिल भरू शकलो नाही.' तपासणाऱ्या साहेबांना 'आम्ही' उर्मट वाटलं. त्यांनी एका फटक्यात सगळ्या फाइलभर 'आम्ही'चं 'आपण' केलं. झालं, 'माफ करा, आपण तुमचं बिल भरू शकलो नाही.' जणू ग्राहक आणि कंपनी दोघं वर्गणी काढायला बसले होते आणि ऐनवेळी दोघांचेही खिसे फाटके निघाले. पुढच्या हातानं 'शकलो'चं 'शकला' केलं, मग सगळा दोष ग्राहकाच्याच गळ्यात. 'आपण' हा शब्द आहेच तसला. 'तुम्ही-आम्ही मिळून' तोच, 'तुम्ही'पेक्षा मानाचा तोच, आणि 'त्यानं आपण होऊन सांगितलं' यातला 'स्वतः'ही तोच. एका माणसाला तीन नोकऱ्या दिल्यावर तो कुठली धड करणार?

या भानगडीतला माझा सगळ्यात आवडता तोडगा पापुआ न्यू गिनीतल्या लोकांचा. तिथल्या टोक पिसिन भाषेतले बरेच शब्द इंग्रजीतनं आलेत. पण तिथल्या मूळच्या कितीतरी भाषांमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. इंग्रजीत ती सोयच नाही. मग त्यांनी 'यू' आणि 'मी' जोडून 'युमी' केला, तो आपला 'आपण'. आणि 'मी'ला 'फेलो'चा झिजलेला तुकडा लावून 'मिपेला' केला, तो 'आम्ही'. शब्द साहेबाचे, हिशेब घरचा. आजीच्या पाव्हण्यांना 'युमी' कळला असता तर उपाशी उठले नसते.

आता इथपर्यंत वाचून, 'करतो', 'लिहिला' बघून कुणी मला बाप्या समजलं असेल तर सांगून टाकतो, मी बाई आहे. (आणि 'लिहिला' निरोपाचा आहे, माझा नाही.) कोल्हापुरात आम्ही बायका 'मी जातो, मी आलो, मी करतो' असंच बोलतो. शाळेच्या वहीत 'जाते', तोंडात 'जातो'.

पुण्यात शिकायला गेलो, तर हॉस्टेलवर पहिल्याच रात्री खोलीतल्या तिघींना म्हणालो, "जेवून आलो." त्यातली एक म्हणाली, "कोण कोण गेला होतात?" तिला ते 'आम्ही आलो' वाटलं. दुसरीला कळलं, ती हसली, आणि मग वर्षभर माझी ओळख 'तो मुलगा' अशी झाली. तीन वर्षं पुण्यात मी 'आले-गेले' करत काढली. घरी येताना एसटी किणी टोलनाक्याला थांबली की आईला फोन, "पोचतोच मी अर्ध्या-पाऊण तासात."

आता विचार केला तर ती पहिली मुलगी, न हसलेली, व्याकरणात बरोबर होती. 'मी'ला मराठीत लिंग नाही, चुगली करतं ते क्रियापद. आणि 'आम्ही'बरोबर तेही गप्प बसतं. पुरुष असोत, बायका असोत, 'आम्ही जातो', 'आम्ही आलो'. तेव्हा कोल्हापूरची बाई पुरुषासारखं बोलते म्हणण्यापेक्षा, अनेकवचनात सगळ्यांना मिळणारी सूट ती एकटीलाही घेते म्हणावं. यात कन्नडचाही हात असावा असं मला वाटतं. 'नानु बंदे', मी आलो, हे तिकडं बाई म्हणाली काय नि बाप्या म्हणाला काय, एकच. 'तो आला' म्हणताना मात्र 'अवनु बंद' आणि 'ती आली'ला 'अवळु बंदळु'. म्हणजे दुसऱ्याचं सांगायचं, स्वतःचं नाही. समोर उभं राहून बोलणारी बाई आहे हे तर दिसतंच की.

आमच्या कामाच्या ग्रुपवर बंगाली करणारी एक जण आहे. 'ही'-'शी'ची वाक्यं ती चहा निवायच्या आत संपवते. बंगालीत तो आणि ती दोघंही 'शे', आणि क्रियापदालाही त्याचं काही पडलेलं नाही. पण 'यू' आला की ती डोकं धरून बसते, कारण तिला 'तुई', 'तुमि' आणि 'आपनि' या तिघांतनं निवडायचं असतं. चिनीतही बोलताना तो, ती, ते सगळ्यांना एकच 'ता'. लिहिताना 'ती'साठी बाईची खूण असलेलं वेगळं अक्षर वापरायची रीत शंभरेक वर्षांचीच, 1920 च्या सुमारास ल्यू बाननोंग नावाच्या कवीनं ती चालवली. कानाला काहीच फरक नाही. व्हिएतनामीत तर 'मी' आणि 'तू'साठी बहुतेक नात्याचेच शब्द. समोरची बाई थोरली असली तर ती ताई आणि मी धाकटं भावंड, म्हणून बोलायच्या आधी वयाचा अंदाज घ्यायचा. हे मला अवघड वाटत नाही. लक्ष्मीपुरीत भाजी घेताना आम्ही दुसरं काय करतो? 'ओ मावशी', 'ओ वैनी', 'दादा, मेथी कशी दिली?' तुम्ही-आम्ही येतच नाही मध्ये. अ‍ॅपनं मला 'मावशी, तुमचं पार्सल आलंय' म्हटलं तर मात्र फोन आपटीन. अजून पस्तिशीत आहे मी.

गेल्या आठवड्यातली ओळ अशी होती: तुमचा ड्रायव्हर आलाय, 'दे' थांबलेत. इंग्रजीनं 'दे' म्हणून हात झटकले. आमच्याकडं आदराचं अनेकवचन आहे, पण 'ते' म्हणा नाहीतर 'त्या', एक काहीतरी ठरवावंच लागतं. 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचा' चालतात, विभक्ती लागली की लिंग आपोआप झाकलं जातं. म्हणून 'त्यांनी गाडी लावली आहे' करून बघितलं, पण लावली म्हणजे पार्क करून निघून गेल्यासारखं वाटतंय. 'त्यांना थांबायला सांगितलंय'? कुणी सांगितलं? 'ड्रायव्हर आले आहेत'मध्येही 'आले' बोंबलतंयच. तासभर त्या एका खान्यावर गेला. शेवटी माणूसच काढून टाकला आणि लिहिलं, 'तुमची गाडी दारात उभी आहे.' गाडी बाई असते, तिची कुणाला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी फाइल परत आली. त्या खान्यापुढं तांबड्या अक्षरात शेरा: 'वाक्यातला ड्रायव्हर कुठे गेला?'

मी खाली लिहून पाठवलं, 'गेला का गेली, ते आधी सांगा, मग शोधतो.'