साडेनऊ फुटांच्या केबलसाठी सोलापुरातल्या दोन फेऱ्या

दाजींची डाळिंबाची बाग मंगळवेढ्याकडे आहे. तेल्या रोगाची भीती असली की फवारणीला खाडा चालत नाही. दोन ओळींमधून ट्रॅक्टर नेला की फांद्या मोडतात, आणि पाठीवरच्या पंपाने माणूस मोडतो. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी घरामागच्या शेडमध्ये फवारणीची गाडी करायला घेतली. पुढे जुन्या स्कूटरचं हँडल आणि चाक, मध्ये दोनशे लिटरचा ड्रम, आणि मागे त्याच स्कूटरचं पंख्याने थंड होणारं इंजिन, साखळीने आसाला जोडलेलं. गाडी बागेबाहेर जात नाही, रस्त्यावर आणायची नाही हे पहिल्यापासून ठरलेलं.

सांगाडा झाला, वेल्डिंग झालं, आणि मग लक्षात आलं की हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये आता अख्खा ड्रम बसलाय. स्कूटरच्या केबली अर्ध्या वाटेतच संपत होत्या. क्लच, रेस आणि गिअरच्या दोन, अशा चार केबली मला साडेनऊ फूट, म्हणजे सुमारे २.९ मीटर लांबीच्या हव्या होत्या. त्यांच्यासाठी सोलापुरात दोन शनिवार फिरलो. हे काम घरी करणारे बरेच जण आहेत हे मला त्या फिरण्यातच कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पहिल्या शनिवारी सकाळी टू-व्हीलर स्पेअरच्या दुकानांपासून सुरुवात केली. तिथे तासभर गेला आणि हाती काही लागलं नाही. काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "गाडी कुठली?" आपल्याकडे त्याचं उत्तरच नसतं. "लांब केबल द्या" म्हटलं की तो मान हलवतो. एका दुकानात दोन केबली मध्ये स्क्रूच्या जोडाने जोडून देतो म्हणाले. ते मी घेतलं नाही आणि तुम्हीही घेऊ नका. आतली वायर जोडता येते, पण जोड सरकायला आऊटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या नळीत, जागा लागते. ती नसली की क्लच अर्ध्यावर अडकतो, आणि जोड सुटला तर नेमका ओझं घेऊन उतारावर असतानाच सुटतो.

खरी वाट दाखवली ती स्टेशनसमोरच्या एका रिक्षावाल्याने. मी उभा राहून त्याच्या हँडलखालून मागे गेलेल्या वायरी बघत होतो. तो म्हणाला, "काय बघालाय मालक?" सांगितलं. तो हसला आणि सीट उचलून गुंडाळून ठेवलेली क्लचची नवी केबल काढून दाखवली. मागे इंजिन असलेल्या रिक्षात हँडलवरच क्लच, हँडलवरच गिअर आणि इंजिन पार मागे. म्हणजे माझ्या गाडीचीच मांडणी! मला हे आधी सुचायला हवं होतं. तुमचं काम सात-आठ फुटांत भागणारं असेल तर पुढचं काही न करता थेट रिक्षाच्या पार्ट्सचं दुकान गाठा. तयार केबल मिळते, दोन्ही टोकं पक्की असतात, आणि उद्या तुटली तर तीच परत मिळते. दुकान कुठलं हे रिक्षावाल्यालाच विचारा, कारण तो रोजचा गिऱ्हाईक असतो.

माझ्या मापाला मात्र रिक्षाची केबलही वीतभर कमी पडली. दुकानदाराने वायर बोटावर गुंडाळत सांगितलं, "एवढी लांब तयार मिळत नाही. मापाने बनवून घ्या. अक्कलकोट रोडला जावा."

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे वळलं की यंत्रमागांची खटाखट सुरू होते. त्या आवाजाच्या आसपास दुरुस्तीची बारकी वर्कशॉप आहेत. मराठी, तेलुगू, कानडी, दखनी सगळं एकाच वाक्यात ऐकू येतं. केबल बनवणारे चाचा एका पत्र्याच्या शेडमध्ये बसलेले. भिंतीवर आऊटरची भेंडोळी, खाली वायरीची रिळं, एका डब्यात पितळी निप्पल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचे बारके तुकडे. मी माप सांगायला लागलो तर त्यांनी थांबवलं. "नुसतं माप नको बेटा. जुनी केबल आणली का?" नशिबाने पिशवीत होती.

त्यांनी जुन्या केबलीवरून जे समजावलं ते इथे माझ्या शब्दांत मांडतो, कारण सगळ्या कामाची किल्ली त्यात आहे. केबल म्हणजे दोन वस्तू. आतली वायर ओढ घेते आणि बाहेरचं आऊटर तेवढाच दाब सोसतं. १८९६ साली बाउडन नावाच्या माणसाने पेटंट घेतलं तेव्हापासून हे असंच आहे. आऊटर आतून लोखंडी पट्टीचं स्प्रिंगसारखं वेटोळं असतं, वरून पीव्हीसी, आणि चांगल्यात आतून प्लास्टिकची नळी. म्हणून माप दोन असतात: आऊटर किती, आणि आऊटरबाहेर वायर किती उघडी राहते. पहिलं माप तुमच्या गाडीवरून येतं, दुसरं जुन्या केबलीवरून. लांबी कितीही वाढली तरी उघडी वायर जुन्या केबलीइतकीच ठेवायची. जुनी केबल फेकून दिलीत तर हे दुसरं माप हातातून गेलं.

वायरही दोन जातींची दाखवली. एकात १९ तारा, ताठ आणि कमी ताणणारी. दुसरीत सात-सात तारांचे सात पीळ, म्हणजे ४९ तारा. ही मऊ आणि वळणाला बरी. तेवढ्याच ओढीला वायर किती ताणून लांबते ते लांबीच्या हिशोबाने वाढतं, दुप्पट लांबी तर दुप्पट. म्हणून क्लचला आणि गिअरला मी १९ तारांची दोन मिमीची घेतली, रेसला बारीक सव्वा मिमीची. सायकलच्या दुकानात गिअरचं आऊटर मीटरवर मिळतं आणि ते घ्यायचा मोह होतो. त्याच्या तारा वेटोळ्यात नसून लांबीच्या दिशेने उभ्या असतात. सायकलच्या गिअरच्या हलक्या ओढीला ते उत्तम, पण ब्रेकच्या किंवा क्लचच्या जोराने फुटतं.

मी विचारलं, एवढ्या लांबीला क्लच जड नाही का होणार? चाचा म्हणाले, "लंबी झाली तर काय होत नाही. वळसा झाला की वायर गळा धरते." घरी येऊन हिशोब केला तर अगदी खरं निघालं. घर्षण वाढतं ते एकूण वळणाच्या कोनाने. घर्षणाचा गुणांक ०.१ धरला तर एका काटकोनाच्या वळणाला सुमारे १७ टक्के जास्त जोर लागतो, आणि असे चार काटकोन झाले की ८७ टक्के जास्त. सरळ गेलेल्या तीन मीटरपेक्षा दोन वळसे घेतलेली दीड मीटरची केबल जड चालेल. मी आधी केबली ड्रमच्या वरून न्यायच्या म्हणत होतो. त्यानंतर चॅसिसच्या पाइपला लागून खालून नेल्या.

आता चाचांनी निप्पल कसा बसवला ते. मी स्टुलावर बसून पूर्ण पाहिलं. वायर कापायच्या जागी आधी कथलाचा हात दिला, म्हणजे कापल्यावर तारा सुटत नाहीत. मग छिन्नीने एका घावात तोडली. निप्पल ओवला, वायर शिकंजात धरून तीन-चार मिमी टोक वर ठेवलं आणि टोच्याने हलक्या हाताने ठोकत त्या १९ तारा फुलासारख्या पसरल्या. निप्पलच्या तोंडाला खोलगट वाटी असते, त्या वाटीत ते फूल ओढून बसवलं. मग नवसागर लावून टोक वितळलेल्या कथलाच्या पळीत बुडवलं. धुराचा तो भपका कल्हईवाल्याच्या आठवणीचा. मोजून काही क्षण, कारण जास्त तापली की वायरीचा कडकपणा जातो आणि ती निप्पलच्या तोंडाशीच तुटते. बाहेर काढून सोड्याच्या पाण्यात धुतलं, कारण नवसागर राहिला की आतून गंज धरतो. शेवटी लोखंडी पट्टीच्या खाचेत निप्पल अडकवून, दुसरं टोक काठीला गुंडाळून, पाय लावून मागे रेटलं. "आता तू ओढ," म्हणाले. मीही सगळं बळ लावून ओढलं. हे तुम्हीही दुकानातच करा, घरी आल्यावर नाही.

स्कूटरच्या क्लचला आणि गिअरला एक सोय आहे. निप्पल फक्त हँडलच्या टोकाला असतो, इंजिनकडे वायर स्क्रूच्या खुंटीत आवळतात. त्यामुळे वायर अर्धा फूट जास्तच ठेवायची, बसवल्यावर कापायची, नेमकेपणा फक्त आऊटरला लागतो. रेसचं तसं नव्हतं. मी कार्ब्युरेटर बदलला होता, त्याच्या स्लाइडला खालूनही बारीक निप्पल लागतो. दोन्ही टोकं पक्की, म्हणजे माप मिलिमीटरमध्ये.

आणि तिथेच मी चुकलो. रात्री केबली बसवल्या, शेडमध्ये इंजिन छान चाललं. दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून बागेत नेली. ओळीच्या शेवटी डावीकडे वळवली आणि मी मूठ पिळली नसताना इंजिन एकदम ओरडायला लागलं, गाडी पुढे उसळली. दाजी बाजूला झाले म्हणून बरं. मी इंजिन बंद केलं. हँडल सरळ केलं की आवाज खाली, डावीकडे वळवलं की वर. माप घेताना मी हँडल सरळ ठेवून नायलॉनची दोरी लावली होती. पूर्ण वळवल्यावर आऊटर ताणलं जातं, आपल्या जागेवरून उचलतं, आणि आतली वायर ओढली जाऊन रेस वाढते. दोरीने दुसरी चूक अशी होते की ती कोपऱ्याला चिकटून वळते. आऊटर ताठ असतं, ते मोठा गोल घेतं, त्यामुळे लांबी दोरीपेक्षा जास्तच लागते.

बरोबर माप घ्यायची वस्तू दाजींच्या बांधावरच पडली होती: ठिबकची सहा मिमीची बारीक नळी. जाडी आणि ताठपणा आऊटरच्या जवळचा. ती केबलीच्या खऱ्या वाटेने बांधली, हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहिलं, सैल सोडली, टोकांना खूण केली, कापली. चार केबलींच्या चार नळ्या, प्रत्येकीवर मार्करने नाव. रेसची सात सेंटिमीटरने लांब निघाली. पुढच्या शनिवारी नळ्याच चाचांपुढे ठेवल्या. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, नळीला आऊटर लावून कापत गेले.

त्या फेरीत आऊटरची टोकंही नीट बघून घेतली. कापल्यावर कानशीने सपाट केली, आतली धारदार कड मोडली, टोप्या बसवल्या. टोक तिरकं राहिलं तर दाबाखाली बसतं आणि खेळ वाढत जातो. अ‍ॅडजस्टर बसवताना मधोमध ठेवा, म्हणजे दोन्हीकडे फिरवायला आटे राहतात. पहिल्या चार-पाच तासांच्या कामात नवी केबल थोडी सैल होते, तेव्हा ते लागतात.

मागच्या ब्रेकला मी केबल घातलीच नाही. पेडलपासून मागे सरळ रेष मिळत होती, तिथे आठ मिमीची सळई, टोकांना आटे पाडून घातली. सळई जिथे जाऊ शकते तिथे केबलीचा विचारच करू नये, असं मला वाटतं. ब्रेकला तर नक्कीच.

फवारणीच्या गाडीसाठी आणखी एक गोष्ट, जी रिक्षाच्या किंवा सायकलच्या कामात येत नाही. डाळिंबाला बोर्डो मिश्रण मारतात आणि त्यातलं मोरचूद लोखंड खातं. उघडी वायर आणि आऊटरची टोकं यांवर रबरी बूट हवेतच. पीव्हीसीला चीर पडली असेल तर ते आऊटर घेऊ नका. आत प्लास्टिकची नळी असेल तर ग्रीस भरू नका, धूळ धरतं. साधं आऊटर असेल तर केबल उभी टांगून, वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा बांधून त्यात पातळ तेल घाला आणि रात्रभर खाली झिरपू द्या.

बाहेरगावाहून येणार असाल तर सकाळी लवकर या. उन्हाळ्यात दुपारी बारानंतर पत्र्याच्या शेडमध्ये कोणी कथील तापवत बसत नाही आणि बसायला सांगूही नये. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याच्या यात्रेमुळे होम मैदान, पार्क चौकाची बाजू माणसांनी भरलेली असते, तेव्हा आठवडा पुढे ढकला. पिशवीत जुनी केबल दोन्ही टोकांसह, मापाच्या नळ्या, ज्यात निप्पल बसतो तो लिव्हर किंवा स्लाइड, आणि टेप. निप्पल डोळ्याच्या अंदाजाने घेऊ नका, लिव्हरच्या खोबणीत फिरवून बघा. तो तिथे गोल फिरला नाही तर प्रत्येक वेळी वायर वाकते आणि महिन्याभरात तारा तुटायला लागतात.

गाडी आता हस्त बहाराच्या फवारण्या करतेय. क्लच दोन बोटांनी दबतो. दाजींनी सीटखाली पत्र्याचा खण करून घेतला, आणि त्यात रेसची एक जादा केबल, मोठा गोल वेटोळा करून, नावाची चिठ्ठी लावून ठेवली आहे.