काल रात्री कुठे झोपलास?

स्मरणिकेच्या संपादकांनी 'बेघर मुलगा ते व्याख्याता आणि लेखक' असा विषय सुचवला. माझी हकीकत पुस्तकात आलेली आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. हा अंक शिक्षकांच्या हाती पडणार आहे, आणि छप्पर गेलेलं मूल सर्वांत आधी वर्गशिक्षकालाच ओळखू येतं. म्हणून जे शिक्षकांच्या उपयोगी पडेल तेच लिहितो.

असं मूल फूटपाथवर क्वचितच सापडतं. चार दिवस मावशीकडे, दोन दिवस मित्राच्या ओट्यावर, मग दवाखान्याच्या व्हरांड्यात किंवा स्टेशनवर. शाळेत ते शिपायाच्याही आधी येतं आणि सुटल्यावर रेंगाळतं. दप्तर जड असतं, कारण कागदपत्रं आणि कपड्यांचा जोडही त्यातच. पालकांच्या सहीसाठी दिलेली वही परत येत नाही. 'घर कुठे?' विचारलं तर ते जुना पत्ता सांगतं. 'काल रात्री कुठे झोपलास?' असं विचारावं, एकट्याला, वर्गाबाहेर. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नये. आधाराविना सापडलेल्या मुलाची खबर 24 तासांत देणं 2015 च्या बाल न्याय कायद्यानं बंधनकारक केलं आहे, आणि मोडलेल्या वचनानंतर मूल पुन्हा तोंड उघडत नाही. 1098 हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो. पुढे मुलाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत, त्याची सोय ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे नेतात. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. समिती उचलून थेट बालगृहात टाकते, अशी भीती पुष्कळांना असते. कायदा मात्र आधी कुटुंब आणि नातलग पाहायला सांगतो, संस्था हा शेवटचा उपाय. गुजरातेत आई-वडील दोघेही नसलेल्या मुलाला सांभाळणाऱ्या नातलगाला 'पालक माता-पिता' योजनेतून महिना 3000 रुपये मिळतात. मामा-काकांना हे ठाऊक नसतं, म्हणून मूल या दारातून त्या दारात फिरत राहतं.

शाळा सुटते ती बहुधा दाखल्यावरून. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण हे संरक्षण 6 ते 14 वयापुरतं, आठवीपर्यंतचं. घरं तुटतात ती पुष्कळदा नववी-दहावीत, आणि तिथे सगळं मुख्याध्यापकांच्या मनावर असतं. नाव पटावरून कमी करण्याची घाई करू नये, एवढीच विनंती. तरीही वर्ष गेलंच तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी आहे: वय 14 पूर्ण, पाच विषय, नोंदणी पाच वर्षं टिकते आणि सुटलेले विषय एकेक करून देता येतात. मजुरी करणाऱ्या मुलाला हीच वाट झेपते.

दुसरा कडा अठराव्या वर्षी येतो. बालगृहात वाढलेल्या मुलाला त्या दिवशी संस्था सोडावी लागते. बाल न्याय कायद्याच्या कलम 46 खाली आर्थिक मदत आणि 21 वर्षांपर्यंत अनुरक्षण, म्हणजे संस्था सोडल्यानंतरची देखभाल, मिळू शकतं, पण त्याची तयारी सतराव्या वर्षीच करावी लागते. पुष्कळांच्या आधार कार्डाला बालगृहाच्या अधीक्षकांचा मोबाइल जोडलेला असतो. मुलगा बाहेर पडला की ओटीपी तिकडे जातो, इकडे बँक अडते, शिष्यवृत्ती अडते. आधी नंबर बदलावा, मग खातं, मग जन्माचा दाखला. याच क्रमानं.

अशा मुलाला पुढे लेखक व्हायचं असेल, तर लिहायला टेबल, दिवा आणि शांतता लागते. ज्याला खोली नाही त्याला हे सार्वजनिक वाचनालयातच मिळतं. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी 1910 साली मध्यवर्ती ग्रंथालय दिलं, त्याचं मोल अशा मुलाला विचारावं. सभासद व्हायला पत्त्याचा पुरावा मागतात, तेव्हा शाळेच्या लेटरहेडवरची चार ओळींची ओळख मोठं काम करते. आपली हकीकत पुस्तकात आणायची तर नेहमीच्या डेमी आकाराच्या 160 पानी पुस्तकाला सोळा पानी दहा फर्मे (छपाईचे मोठे कागद) लागतात, म्हणजे साधारण चाळीस हजार शब्द. रोज तीनशे लिहिले तर साडेचार महिने. पुस्तकाची ओळख पटवणारा आयएसबीएन क्रमांक दिल्लीहून फुकट मिळतो. हजार प्रती छापून त्या पलंगाखाली ठेवण्यापेक्षा आधी शंभर छापाव्यात. पलंगही नसला तर शंभरच पेलतात. हकिकतीत येणाऱ्या इतर मुलांची नावं बदलावीत, संरक्षणातल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

शाळेत स्वतःची हकीकत सांगायची तर व्याख्यान वीस मिनिटांचं ठेवावं, म्हणजे बावीसशे शब्द. त्यात हालअपेष्टांना पाचच मिनिटं. वीसही मिनिटं उपासमार सांगितली तर सभागृह रडतं, टाळ्या वाजतात, आणि ज्याला आज रात्री कुठे जायचं हे माहीत नाही तो तसाच उठून जातो. फोन कुणाला करायचा आणि कागद कोणता सांभाळायचा, हे बाकीच्या पंधरा मिनिटांत यायलाच हवं. प्रश्न हात वर करून विचारायला लावू नयेत, बिननावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकू द्याव्यात. कार्यक्रमानंतर अर्धा तास एक शिक्षक मोकळा ठेवा, असं मुख्याध्यापकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावं, कारण एखादं मूल पाण्याची बाटली विसरल्याच्या निमित्तानं परत येतं.