उलटी जाणारी लाट

गुरुवार, रात्रीचे पावणेबारा

सापडलं! प्लेटच्या कंपनांच्या कॉम्प्युटरवरच्या हिशेबात तीन आठवडे ज्या सुळक्याने छळलं तो खोटा निघाला.

आमची प्लेट तशी साधी. 5 मिलिमीटर जाडीचं पोलाद, एका अंगाला पाणी, पाण्याचा वेग सेकंदाला 10 मीटर. टर्ब्युलन्ट बाउंडरी लेयरमधले (प्लेटला लागून वाहणाऱ्या खळबळत्या थरातले) भोवरे पृष्ठभागावर दाबाचे ठसे उमटवत पुढे सरकतात, मूळ प्रवाहाच्या साधारण 70 टक्के वेगाने. म्हणजे 1000 हर्ट्‌झला दाबाची लाट जेमतेम 7 मिलिमीटरची. प्लेटची वाकण्याची लाट मात्र, पाण्याचं ओझं धरूनही, 19 सेंटिमीटरच्या आसपास. तिच्या एकेका बाकात ते बारीक दाब आणि ओढ एकमेकांना खाऊन टाकतात. प्लेट जवळपास ढिम्म. मग हजार हर्ट्‌झच्या जरा पुढे माझ्या आलेखात तो सुळका कसा?

हिशेबासाठी प्लेटचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडतात; माझ्या त्या जाळीचं, म्हणजे मेशचं, माप होतं 20 मिलिमीटर. वाकण्याच्या लाटेला नऊ-दहा एलिमेंट मिळत होते, तेवढ्यावर मी खूश. दाबाच्या लाटेला किती मिळतात हे बघितलंच नाही. आज मेसमध्ये वहीच्या पुठ्ठ्यावर आकडे मांडले (पिठलं गार झालं). 7 मिलिमीटरची लाट दर 20 मिलिमीटरवर एकदाच पाहिली, तर ती 140 मिलिमीटरची भासते, आणि तीही प्रवाहाच्या उलट जाणारी! जुन्या सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरतं ना, तसंच. फ्रिक्वेन्सी किंचित वाढली की ही तोतया लाट लांबत जाते, प्लेटच्या लाटेशी जुळते आणि सुळका उभा.

सरांना फोन केला तर हसले. "मग आता मेश 1 मिलिमीटरचा करतोस?" चौरस मीटरला दहा लाख एलिमेंट! त्यापेक्षा दाब सरळ वेव्हनंबरमध्ये (मीटरमागे किती लाटा, या भाषेत) मांडायचा आणि प्लेट ज्यांना दाद देते त्या लांब लाटांपुरताच हिशेब करायचा, असं ठरलं. पाण्यात हे चालतं. विमानाच्या पत्र्याला नाही चालणार. तिथे दोन्ही लाटा खरोखरच गाठ घेतात.

पण नेमक्या त्या लांब लाटांतच भोवऱ्यांच्या दाबाचं कॉर्कोसचं मॉडेल दाब फार वाढवून सांगतं. 1960च्या दशकातलं, सुटसुटीत, म्हणून सगळ्यांच्या हाताशी. चेसचं 1980चं मॉडेल तिथे बरंच खाली उतरतं. रात्रभरासाठी दोन्ही रन लावलेत.

सोमवारच्या सेमिनारमध्ये मी त्या सुळक्याचं भौतिक कारण दहा मिनिटं समजावून सांगितलं होतं. दोघांनी ती स्लाइड मागून घेतली. उद्या त्यांना मेल करायला हवा.