10 जानेवारी 2021 च्या आत रिटर्न भरताना

आर्थिक वर्ष 2019-20 चं प्राप्तिकर रिटर्न भरायची मुदत शेवटी 10 जानेवारी 2021 झाली. आधी 31 जुलै होती, मग 30 नोव्हेंबर, मग 31 डिसेंबर. (ऑडिट लागतं त्यांना 15 फेब्रुवारी.) इतक्या वेळा पुढे गेली, तर अजून एकदा जाईल, या भरवशावर राहणं शहाणपणाचं नव्हतं. रिटर्नची तारीख पुढे गेली तरी कर भरायची तारीख सगळ्यांसाठी पुढे गेलेली नव्हती, आणि फटका बसत होता तो इथेच.

टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) आणि आगाऊ कर (वर्ष चालू असतानाच भरलेला) वजा जाता तुमचा देय कर 1 लाख रुपयांपर्यंत असेल, तर मुदतवाढीच्या काळाचं 234ए कलमाचं (रिटर्न उशिरा भरल्याचं) व्याज लागत नव्हतं. 1 लाखाच्या वर गेला की मूळ तारीख, म्हणजे 31 जुलै 2020, हीच धरली जात होती. व्याज महिना 1 टक्का, अर्धवट महिनाही पूर्ण मोजायचा, आणि तेही 1 लाखावरच्या रकमेवर नाही, सगळ्या रकमेवर. 1,20,000 रुपये बाकी होते आणि जानेवारीत भरले, तर ऑगस्ट ते जानेवारी असे सहा महिने, 7,200 रुपये. आगाऊ कर कमी भरला असेल तर 234बी चं व्याज वेगळं. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ कर लागत नाही, पण 1 लाखाची ही अट त्यांनाही होती. त्यांनी 31 जुलैपर्यंत भरलेली रक्कम मात्र आगाऊ कर मानली जात होती.

चलन 280 (प्राप्तिकर भरायचा फॉर्म) भरताना करनिर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) 2020-21 निवडायचं होतं आणि प्रकार 300 (स्वतः हिशोब करून भरायचा कर). घाईत 2021-22 निवडलं जायचं. मग पैसे जायचे, पण रिटर्नशी जुळायचे नाहीत आणि कर बाकी असल्याची, म्हणजे मागणीची, नोटीस यायची.

ज्यांनी मार्च 2020 मध्ये घाबरून शेअर विकले, त्यांच्यासाठी 10 जानेवारी सगळ्यात महत्त्वाची होती. 23 मार्चला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांहून जास्त कोसळला होता, तेव्हा असे लोक थोडे नव्हते. हा भांडवली तोटा पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. 11 तारखेला भरलं तर विलंब शुल्क जाणार होतं (करपात्र उत्पन्न 5 लाखांवर असेल तर 10,000 रुपये, करमुक्त मर्यादेच्या वर पण 5 लाखांपर्यंत असेल तर 1,000), शिवाय हा तोटा वजा करायची संधीही हातची जाणार होती. पगारदार मंडळी ‘नफा झालाच नाही’ म्हणून आयटीआर-1 (रिटर्नचा साधा फॉर्म) भरून मोकळी होतात. त्यात तोटा दाखवायची जागाच नाही. आयटीआर-2 भरा. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो, अल्पकालीन दोन्हींतून.

टाळेबंदीत राहून गेलेली 80सी ची (उत्पन्नातून वजावट मिळणारी) गुंतवणूक 31 जुलै 2020 पर्यंत करायची मुभा होती. पीपीएफ किंवा विम्याचा हप्ता एप्रिल ते जुलै 2020 मध्ये भरून 2019-20 मध्येच दाखवायचा असेल, तर रक्कम 80सी मध्ये यायचीच, शिवाय शेड्यूल डीआय (रिटर्नमधला त्यासाठीचा तक्ता) मध्येही त्यातला एवढा भाग वेगळा लिहावा लागत होता. मर्यादा दीड लाखच. फॉर्म 16 (कंपनीने दिलेला पगार आणि टीडीएसचा दाखला) मध्ये ही वजावट बहुतेक नसायची, म्हणून परतावा निघू शकत होता. हीच पावती पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येणार नव्हती.

आता 2020-21 या वर्षाबद्दल. 14 मे 2020 पासून 31 मार्च 2021 पर्यंत पगाराव्यतिरिक्त बऱ्याचशा देयकांवरचा टीडीएस पाव भागाने कमी केला होता, 10 टक्क्यांचा साडेसात. कर कमी झालेला नव्हता, फक्त कापून घेणं कमी झालं होतं. मुदतठेवीच्या 2 लाख व्याजावर 20,000 ऐवजी 15,000 कापले गेले, तर उरलेले 5,000 आपल्यालाच भरायचे होते. वर्षाचा उरलेला कर 10,000 किंवा त्याहून जास्त होत असेल, तर तो आगाऊ कराच्या 15 मार्च 2021 च्या हप्त्यात भरायचा होता.

2020 मध्ये गृहकर्जाच्या हप्त्यांना स्थगिती घेतली असेल तर तेवढ्या महिन्यांची मुद्दल भरली गेलेली नव्हती, म्हणून ती 80सी मध्ये धरता येत नव्हती. व्याजाचं तसं नाही. 24(बी) ची वजावट देय झालेल्या व्याजावर मिळते, ते प्रत्यक्ष भरलं नसलं तरी. बँकेकडून व्याजाचा दाखला घेताना स्थगितीच्या महिन्यांचं व्याज त्यात आलंय का, हे तपासून घ्यायचं होतं.