तुम्ही विचारलेत म्हणून: मदतीमागे धर्मप्रसार असतो का?

आमच्या ख्रिस्ती मंडळीतील काही जण आजाऱ्यांच्या उशाशी रात्र काढतात, एकट्या वृद्धांची कामे करून देतात, अडचणीतल्या घरी शिधा पोहोचवतात, आणि मीही त्यांच्यात असते. त्यामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: "माणसे ख्रिस्ती व्हावीत म्हणूनच हे सारे चालते ना?" या प्रश्नाचा मला राग येत नाही. गरजवंताची अडचण हेरून त्याच्या श्रद्धेचा सौदा करणारी माणसे जगात होऊन गेली आहेत, तेव्हा शंका येणारच.

माझी मदत माझ्या विश्वासातून येते, पण तिच्या मोबदल्यात विश्वास मागण्याचा अधिकार मला नाही. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केल्याची हकिकत बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात आहे. आभार मानायला त्यांतला एकच परतला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे येशूने विचारले खरे. पण त्यांना मिळालेले आरोग्य काही काढून घेतले नाही. त्याच शुभवर्तमानात येशूने सांगितलेल्या दाखल्यातील, म्हणजे बोधकथेतील, चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या जखमी माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी ती चालवणाऱ्याच्या हाती दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी ठेवली, आणि अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन, असेही सांगितले. जखमी माणसाला त्याने उपदेश केल्याचा उल्लेख दाखल्यात कोठेही नाही. मला या दाखल्यातले सर्वांत अवघड वाक्य वाटते ते त्या उरलेल्या खर्चाचे. पहिल्या दिवशी दया पुष्कळांना येते, पुढची जबाबदारी घेणारे थोडे असतात.

ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे वळलेल्या रोमन सम्राट ज्युलियनने ३६२ च्या सुमारास आपल्या एका मुख्य पुजाऱ्याला पत्र लिहिले. हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असे म्हणे) स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे, असे सांगून त्याने शहरोशहरी धर्मशाळा उभारण्याची सूचना केली. विरोधकाने नाइलाजाने दिलेली ही साक्ष मला कोणत्याही स्तुतीपेक्षा मोलाची वाटते. अर्थात, मंडळीने यावरून स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये; ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, ही तक्रार अगदी पहिल्या मंडळीतच उठली होती, असे बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक सांगते. ती मिटवण्यासाठी जे सात सेवक निवडले, त्या सर्वांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप सोपवण्याचा हा शहाणपणा आजही फारसा दिसत नाही.

याच्या नेमका उलटा प्रश्न मला आमचेच लोक विचारतात: "मग ख्रिस्ताचे नाव घेणारच नाही का?" घेते, पण विचारले तर. तुमच्या आशेचे कारण जो विचारील त्याला सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सिद्ध असा, असे बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटले आहे, आणि त्यातला 'विचारील' हा शब्द आपण घाईत गाळतो. अंथरुणाला खिळलेला माणूस माझे बोलणे नकोसे झाले तरी उठून जाऊ शकत नाही. शिधा घेणारी बाई पुढच्या खेपेच्या काळजीने मान डोलावते. अशा वेळी मिळालेला होकार मी होकार मानत नाही. वाटपाचे फोटो मी याच कारणाने काढू देत नाही. प्रार्थना करू का, एवढे मात्र मी एकदा विचारते, आणि "नको" असे उत्तर आले की तो विषय पुन्हा काढत नाही. औषधे आणायची असतील तर चिठ्ठी मागून घेते.