पाच जानेवारीनंतरची पानं

सांगलीकडच्या बहुतेक घरांत कपाटावर साखर कारखान्याची नाहीतर पतसंस्थेची एक डायरी पडलेली असते. पुढे चेअरमनसाहेबांचा फोटो, मागे ऊस लागणीचं वेळापत्रक आणि मधे वर्षभराची कोरी पानं. एखाद्या दुपारी रद्दी काढताना ती हाताला लागते. १ जानेवारीचं पान वळणदार अक्षरात गच्च भरलेलं. ३ तारखेला चार ओळी. ५ तारखेला ‘आज विशेष काही नाही.’ त्यानंतर थेट मार्चमध्ये दुधाचा हिशेब.

खरं तर हा दुधाचा हिशेबच त्या डायरीतलं सगळ्यात नेटकं लेखन. तारीख, लिटर, खाडा. एक शब्द जादा नाही. पण त्याला लेखन कोण म्हणणार?

नव्यानं लिहू पाहणाऱ्याचं घोडं अडतं ते ‘विशेष’ या अपेक्षेपाशी. लिहायचं म्हणजे विषय भारदस्त हवा, म्हणून माणूस बसला की आई, पाऊस, माती नाहीतर थेट समाज. आईवर तर पहिल्या वर्षात लिहूच नये. तिथं मुरलेले लोकही घसरतात.

त्यापेक्षा भडंग घ्यावं. भडंगाची कृती दीडशे शब्दांत लिहायची, आणि ती अशी की पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या भाच्याला घरी फोन न लावता जमली पाहिजे. पाव किलो चुरमुरे, पाऊण वाटी तेल, वाटीभर शेंगदाणे, लसणाच्या पंधरा-वीस पाकळ्या सालासकट ठेचून, मूठभर कढीपत्ता, तिखट, हळद, मीठ, चमचाभर पिठीसाखर. इथवर कुणीही लिहितं. पुढे गंमत सुरू होते. ‘तेलात शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता परतून तिखट-हळद घाला’ असं लिहिणारी लिहून मोकळी होते. भाचा चालू गॅसवर तिखट टाकतो, ते काळं पडतं, खोलीभर ठसका. कारण ‘गॅस बंद करून तेल जरा निवू द्या’ हे वाक्य कागदावर आलंच नाही. ते तिच्या हाताला इतकं ठाऊक होतं की लिहायचं सुचलं नाही. दुसऱ्या खेपेला तिखट वाचतं, पण भडंग संध्याकाळपर्यंत मऊ पडतं: लसूण ‘परता’ म्हटलं होतं, ‘लाल आणि कडक होईपर्यंत’ म्हटलं नव्हतं. ओल राहिली. शिवाय चुरमुरे आधी नुसत्या कढईत गरम करून घ्यायचे, हेही राहिलंच.

तिसऱ्या कागदावर भडंग जमतं, आणि लिहिणारीला जो धीर येतो तो ‘किती छान लिहितेस गं’ या शेऱ्यानं कधी येत नाही. घरच्यांना कागद दाखवण्यात तसा अर्थ नसतोच. नवरा न वाचता छान म्हणतो, बहीण वाचून छान म्हणते. दाखवायचाच असेल तर ‘कसं झालंय’ हा प्रश्न टाळावा. ‘कुठं कंटाळा आला, तिथं पेन्सिलीनं टिंब काढ’ एवढंच सांगावं आणि गप्प बसावं. समर्थन करायला तोंड उघडलं की पुढचं टिंब पडत नाही.

विशेषणांचं दुखणं थोडं चिवट असतं. पुरावर लिहायला घेतलं की कृष्णामाई ‘रौद्र रूप धारण’ करते. आता सांगलीत ऑगस्टच्या पावसात रौद्र रूपाची चौकशी करताना कुणी सापडणार नाही. विचारतात, “आयर्विनला किती झालं?” म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं, आणि नुसता तो आकडा ऐकला तरी नदीकाठच्या गावभागातला माणूस आजही काही वेळ बोलत नाही. हे ज्याला माहीत आहे त्यानं वहीत ‘थैमान’ का लिहावं, कळत नाही. बहुधा शाळेतल्या निबंधात त्याला जादा गुण मिळत असावेत.

मोठ्यानं वाचणं ही मात्र फुकटातली आणि सगळ्यात कमी केली जाणारी गोष्ट. वाचताना जिथं श्वास तुटतो तिथं वाक्य तोडायचं, जिथं जीभ अडखळते तो शब्द बदलायचा, आणि जिथं स्वतःलाच संकोच वाटतो ती ओळ मुकाट काढायची. ‘अण्णा भाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले होते’ हा दाखला अभ्यास टाळणारे फार हौसेनं देतात. वाटेगावचे अण्णा भाऊ त्यानंतर तमाशाच्या फडात उभे राहिले, पुढे १९४४ साली निघालेल्या लाल बावटा कलापथकात कामगारांपुढे गायले, हे सोयीनं विसरतात. समोरचा कामगार कंटाळला की उठून जातो. याहून कडक शाळा कुठली? ते जमत नसेल तर संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनात मागं जाऊन बसावं. कविता सुरू असताना खोकला कुठल्या ओळीला वाढतो ते पाहावं.

कात्री चालवायची ती पहिल्या परिच्छेदावर. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’पासून सुरू झालेला लेख साधारण दुसऱ्या परिच्छेदात जागा होतो; तिथूनच सुरू करावा. शेवटी ‘चला तर मग’ असेल तर तेही गेलं.

उरलेलं छापायला पाठवायचं. सुरुवात वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रांनी करावी. जागा तेवढीच मिळते, आणि संपादक कुठलं वाक्य कापतो ते छापील पत्र आपल्या प्रतीशेजारी ठेवून पाहता येतं. दिवाळी अंकासाठी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवावं. दसऱ्याला पाठवलेली कथा पुढच्या वर्षीसाठी म्हणूनही कुणी ठेवत नाही. मजकूर युनिकोडमध्ये असावा, खाली नाव-पत्ता-फोन, आणि एक प्रत आपल्याकडे. ‘साभार परत’ची पाकिटं आता येत नाहीत, नुसती शांतता असते. तीन महिने थांबून एकदा विचारावं आणि तोच लेख दुसरीकडे द्यावा. एकाच वेळी दोघांकडे मात्र देऊ नये. दोघांनीही छापला तर पंचाईत होते. अजून तरी ही पंचाईत फारशी कुणावर आल्याचं ऐकिवात नाही.