क्रिएटिनिन २.४

सारख्याच आकड्याचे दोन रुग्ण एकाच दिवशी ओपीडीत यावेत यात नवल नाही; तरीही त्या दिवशीचे दोघे मनातून जात नाहीत. पहिले ७४ वर्षांचे निवृत्त शिक्षक, दुसऱ्या ४१ वर्षांच्या, बारा वर्षांचा मधुमेह असलेल्या बाई. दोघांचेही क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमजोर झाली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ, २.४ आणि दोघांच्याही चिठ्ठीवर ‘किडनी तज्ज्ञांना दाखवा’ एवढाच शेरा. गुरुजींबरोबर दोन मुलगे होते आणि डायलिसिससाठी त्यांनी पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती. बाई एकट्याच आल्या होत्या, आणि पायावर सूज येते, लघवीला फेस होतो, याखेरीज त्यांची तक्रार नव्हती.

क्रिएटिनिनवरून काढलेला जीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा, गुरुजींचा २६ आणि बाईंचा २४, म्हणजे तिथेही फारसा फरक नाही. फरक होता तो लघवीत, आणि नेमकी तीच तपासणी दोघांच्याही फायलीत नव्हती. क्रिएटिनिन दर महिन्याला करायला सांगणारे आमचे डॉक्टर लघवीतून जाणारे अल्ब्युमिन हे प्रथिन वर्षानुवर्षे मोजत नाहीत, याची मला खरोखर चीड येते. ‘युरिन रुटीन’मधले अधिकचे चिन्ह हा केवळ अंदाज असतो, भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाची लघवी पातळ होते आणि तेच अल्ब्युमिन कमी दिसते. त्याच नमुन्यातल्या क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढले की हा पातळ-दाटपणाचा घोळ मिटतो. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा हवा, आणि ताप, जंतुसंसर्ग किंवा मासिक पाळी असताना घेतलेला नको. हे गुणोत्तर जितके जास्त तितके वाईट; गुरुजींचे आले ४०, बाईंचे २,८००.

कॅनडातील रुग्णांच्या नोंदींवरून डॉ. नवदीप तंग्री आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या, किडनी निकामी होण्याचा धोका सांगणाऱ्या समीकरणाला वय, लिंग, जीएफआर आणि हे गुणोत्तर एवढ्या चारच गोष्टी पुरतात. २०१६ मध्ये तीसहून अधिक देशांतल्या सात लाखांवर रुग्णांच्या माहितीवर ते पडताळले गेले. त्यानुसार डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येण्याचा पाच वर्षांतला धोका गुरुजींना सुमारे १० टक्के होता, तर बाईंना सुमारे ७७. बाईंचा दोन वर्षांतलाच धोका ३२ च्या आसपास होता.

गुरुजींचे १० टक्केही जास्तच म्हणायचे, कारण किडनी निकामी होण्याआधी दुसऱ्याच कारणाने मृत्यू येऊ शकतो हे समीकरण वेगळे धरत नाही आणि उतारवयात त्यामुळे धोका फुगून दिसतो. मुलांना हे कारण सांगितले नाही. रक्तदाब सांभाळा, गुडघ्यासाठीच्या वेदनाशामक गोळ्या बंद करा आणि पैशांची धावपळ थांबवा, एवढेच सांगितले. ते खूश होऊन गेले.

बाईंनी मात्र शांतपणे विचारले, “डॉक्टर, मी त्या सत्त्याहत्तरांत की उरलेल्या तेवीसांत?” याचे उत्तर समीकरणाकडे नसते. औषधे नीट लागू पडली आणि अल्ब्युमिन उतरले तर आकडाही खाली येईल, हे मी सांगितले, डापाग्लिफ्लोझिन हे किडनीची झीज मंदावणारे औषध सुरू केले आणि त्यांचा डावा हात पाहायला घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत निळे-पिवळे डाग होते. तालुक्याच्या एका दवाखान्यात ‘अशक्तपणा’साठी त्याच हाताला सलाइन लावले होते. उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर धमनीला जोडून केलेला मार्ग, शक्यतो डाव्याच हातात करतात. तो वापरण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने, कधी त्याहून अधिक लागतात, आणि सुया टोचून खराब झालेली शीर पुन्हा कामाची होईलच असे नाही. फाइलवर मोठ्या अक्षरांत ‘डावा हात राखून ठेवा’ लिहिले. पुढच्या सिस्टरांनी ते वाचले म्हणजे मिळवली.

फिस्टुलाची तयारी दोन वर्षांतला धोका ४० टक्क्यांवर गेला की करावी, असे केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. बाई ३२ वर आहेत. डायलिसिस केंद्राशेजारी राहणाऱ्यासाठी मी थांबलो असतो. पण त्यांच्या गावाहून इथे यायला एसटीने तीन तास लागतात, आणि असे रुग्ण बहुधा धाप लागल्यावर रात्री-अपरात्री येतात व मानेच्या शिरेत घातलेल्या नळीवर डायलिसिसची सुरुवात करतात. म्हणून शस्त्रक्रिया नाही, पण हाताच्या शिरांची डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) तपासणी आताच लिहून दिली आणि प्रत्यारोपणाचा विषय काढण्यासाठी पुढच्या वेळी घरच्यांना सोबत बोलावले. माझ्या सहकाऱ्याच्या मते यात रुग्णाला विनाकारण घाबरवणे आहे. त्याचे म्हणणे मला अजून पटलेले नाही.